देशकर दांपत्याने ‘आधा बयान’ सोबत न पाहिल्याबाबत

दोन माणसांनी मिळून चालवलेल्या कोणत्याही संस्थेचा पाया परस्पर विश्वास हा असतो. विश्वास म्हणजे समोरच्याला नेमके किती माहीत आहे, याची आपल्याला असलेली खात्री. ती गेली की भागीदारीतल्या पेढ्या बुडतात, आघाडीची सरकारे पडतात, आणि तीन जणांच्या सोफ्यावर दोन माणसे मधली जागा सोडून बसतात. पहिल्या दोन आपत्तींसाठी देशात कायदे आहेत. तिसरीसाठी कायदा फक्त आमच्या परिसरात आहे.

आमचा परिसर म्हणजे भोपाळच्या अवधपुरीतला कल्पतरू परिसर. इथे मराठी घरे सेहेचाळीस. त्यातली निम्मी माणसे नागपूरकडची. त्यांचे वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर इकडे आले आणि येताना टिपणी लिहिण्याची कला घेऊन आले. उरलेली निम्मी इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरची. ती आधी पोहे खातात आणि मग मुद्द्यावर येतात. या दोन परंपरांच्या संगमातून आमचे मराठी स्नेहमंडळ उभे राहिले, आणि मंडळाने ‘सहदर्शन संहिता’ केली.

तिची गरज अशी पडली की, सगळे जण सक्तीने घरात होते त्या काळात परिसरातल्या अकरा घरांमध्ये सीरीज पाहण्यावरून अबोला झाला. सगळ्यांचे कारण एकच होते. एकाने दुसऱ्याला सोडून पुढचा भाग पाहिला होता. (बाराव्या घरातही अबोला होता, पण तो आधीपासूनचा निघाला; तो आकडेवारीतून वगळला.) संहितेची कलमे अकरा आहेत. भाग दोघांनी एकाच वेळी, एकाच पडद्यावर आणि शक्यतो एकाच सोफ्यावर पाहावा, हे त्यातले मुख्य. एकाला झोप लागल्यास पहिल्या घोरण्याला भाग थांबवावा. पहिले घोरणे कोणते हे जागा असलेला ठरवील. झोपलेल्याचे अपील ऐकले जाणार नाही, कारण आजवर प्रत्येक झोपलेल्याने ‘मी जागाच होतो’ असेच अपील केले आहे. कुकर बंद करायला उठलेल्या व्यक्तीसाठी भाग थांबवावा. ती ‘चालू ठेवा’ म्हणाली तरी थांबवावा. (ती ‘चालू ठेवा’ म्हणाल्यास लगेच थांबवावा, अशी दुरुस्ती पुढच्या वर्षी एकमताने झाली.)

संहिता लागू झाल्यापासून सेहेचाळीस घरांत एकही उल्लंघन झालेले नाही. तसे सर्वांनी लेखी कळवले आहे. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेले असल्यामुळे शंभर टक्के निकाल दिसला की आधी मोजण्याचे यंत्र तपासते. पण मंडळात या सवयीला ‘अगोचरपणा’ म्हणतात.

तर, या आकड्याला तडा गेला तो ‘आधा बयान’च्या चौथ्या सीझनच्या पहिल्या भागामुळे.

ज्यांनी ही सीरीज पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी (असे वाचक आमच्या परिसरात आढळले नाहीत) थोडक्यात सांगते. दर भागात एक खून होतो. इन्स्पेक्टर भदौरिया आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. सान्याल मिळून तो सोडवतात. ती म्हणते ‘पुरावा काय?’, तो म्हणतो ‘मन सांगतंय’, आणि चाळिसाव्या मिनिटाला दोघांचे एकच उत्तर येते. तीन सीझन हे सुरळीत चालले. तिसऱ्याच्या शेवटी सान्यालला भदौरियाच्या कपाटात स्वतःच्या नावाची फाइल सापडली. भदौरिया तिच्या आधी, तिला न सांगता, प्रत्येक घटनास्थळी जाऊन येत होता! पडदा काळा झाला आणि लोक चौदा महिने थांबले.

या चौदा महिन्यांत सर्वांत शिस्तीने थांबलेले दांपत्य म्हणजे बी-सात मधले देशकर. मधुकरकाका राज्य शासनातून निवृत्त. नोकरीची शेवटची वर्षे चार इमलीच्या सरकारी घरात काढून इथे आले. मालतीकाकू मूळच्या उज्जैनच्या, चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या. संध्याकाळी साडेआठला जेवण आटोपून दोघे सोफ्यावर बसायचे आणि काका विचारायचे, “हा कोण?” काकू सांगायच्या. पुन्हा, “आणि हा?” पुन्हा सांगायच्या.

काकूंनी याची वही ठेवली आहे. भागाचा क्रमांक, विसाव्या मिनिटाला त्यांनी लिहिलेले खुन्याचे नाव, शेवटी निघालेला खुनी, आणि समासात काकांच्या ‘हा कोण?’च्या रेघा, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत. तीन सीझन, चोवीस भाग, दर भागाला सरासरी चौदा रेघा.

सीरीज चालू नसते तेव्हा या घरात रोजचे संभाषण अकरा मिनिटे चालते. (काका नऊ म्हणाले, काकू तेरा, मी सरासरी घेतली.) सीझन चालू असताना तेच चौऱ्याहत्तर मिनिटांवर जाते, कारण भाग संपल्यावर खुन्याच्या आईचे काय चुकले यावर चर्चा होते. म्हणजे प्रश्न एका भागाचा नव्हता. प्रश्न रोजच्या त्रेसष्ट मिनिटांचा होता.

शुक्रवारी दुपारी नवा भाग आला. संध्याकाळी साडेआठला दोघे बसले. पुढचे दोघांच्या जबाबांवरून.

वीस मिनिटे झाली तरी समासात एकही रेघ पडली नाही. पडद्यावर सात नवी माणसे येऊन गेली होती. काका शांत होते. तेविसाव्या मिनिटाला गोळी सुटते. गोळी सुटण्याआधी दोन सेकंद काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

काकूंनी भाग थांबवला.

“कप का ठेवला?”

“संपला.”

“अर्धा आहे.”

“गार झालाय गं.”

“बरं. ही निळ्या साडीतली कोण?”

“जजची मेहुणी,” काका म्हणाले.

“अहो! ते अजून कळायचं आहे!”

यानंतर काका जे बोलले ते जबाबात ‘अस्पष्ट’ असे नोंदवले आहे. काकूंनी रिमोट फिरवून भागाच्या यादीत पाहिले. आज आलेल्या भागाखाली लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती, आणि शेजारी चार वेळा मागे गेल्याची नोंद होती.

“अपने आप चालू झाला असेल,” काका म्हणाले.

“अपने आप चालू होतो. अपने आप चार वेळा मागे जाऊन, तेच वाक्य पुन्हा ऐकून, पुढे जातो का?” काकूंनी विचारले, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. चौथा सीझन आपण वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंकडे पाहणार, असे त्यांनी तिथूनच जाहीर केले. आठही भाग.

शनिवारी सकाळी चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष शंकरराव, मंडळाचेही अध्यक्ष. ते नोकरीभर विभागीय चौकश्या करत होते. निवृत्तीनंतर त्यांची तब्येत ढासळली होती, ती त्या सकाळी बरीच सुधारलेली दिसली. दुसऱ्या सदस्य रत्नप्रभामावशी, ग्वाल्हेरच्या. तक्रारदार आपल्याच सोफ्यावर बसणार आहेत, त्यामुळे आपण निःपक्षपाती आहोत, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. तिसरी मी.

“सई, तू सायन्सची. आणि मोकळी पण आहेस,” शंकरराव म्हणाले. (मी पीएच.डी.च्या मुलाखतीच्या निकालाची वाट पाहत आहे. परिसराच्या शब्दकोशात याला मोकळी म्हणतात.)

काकांना कारणे दाखवा नोटीस दिली गेली. त्यांचे उत्तर दुपारपर्यंत तीन प्रतींत आले. शासकीय गद्याचा तो एक सुंदर नमुना आहे. ‘सदर भाग मी पाहिला नसून तो माझ्या उपस्थितीत सुरू होता. माझी नजर पडद्याकडे असणे ही आसनव्यवस्थेची परिणती आहे, कारण सोफा सन २०१४ पासून त्याच दिशेला आहे. काही संवाद पुन्हा ऐकले गेले असल्यास ते ऐकू न आल्यामुळे होय, यावरून माझे लक्ष नव्हते हेच सिद्ध होते.’ शंकररावांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, “काय हात आहे हो या माणसाचा.”

एवढा भक्कम खुलासा तपासायचा तर वादग्रस्त भाग समितीने स्वतः पाहणे क्रमप्राप्त होते. तो शंकररावांच्या घरी पाहिला गेला. त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकूंना बोलावले नाही, कारण त्या साक्षीदार नव्हत्या.

“काय बघताय हो?” त्यांनी आतून विचारले.

“काही नाही. ऑफिसचं आहे,” शंकरराव म्हणाले. ते २०१७ साली निवृत्त झाले आहेत.

या कृतीने संहितेचा भंग होतो का, असा मुद्दा मी उपस्थित केला. समितीने पाहिलेल्या भागास ‘अवलोकन’ म्हणावे आणि अवलोकनात आनंद घेऊ नये, असे ठरले. भागात सान्याल वीस मिनिटे भदौरियाशी बोलत नाही. मग ती फाइल उघडते, आणि कळते की तो आधी जाऊन प्रत्येक ठिकाणची फक्त तिला न बघवणारी गोष्ट झाकून येत होता. रत्नप्रभामावशींनी पदर डोळ्यांना लावला. “अरे बापरे, किती करतो तिच्यासाठी! ह्याला म्हणतात जोडी.” मग डोळे पुसून त्यांनी विचारले, “तर देशकरांना काय शिक्षा द्यायची? सीधी बात आहे, आधी बघितलं म्हणजे धोका.”

माझे काम तांत्रिक पुराव्याचे होते. काकूंनीच मला खात्याचा पासवर्ड दिला होता, टीव्हीवर भाग नेमका किती वाजता चालला ते काढण्यासाठी. ते निघाले. शुक्रवार, तीन वाजून दहा मिनिटे. त्या वेळी काकू शिंप्याकडे ब्लाउज आणायला जवाहर चौकात गेल्या होत्या. आरोप सिद्ध झाला.

मी इथेच थांबले असते तर हा वृत्तान्त एका पानात संपला असता. पण खात्याच्या इतिहासात सगळ्या यंत्रांची नोंद असते, आणि काकूंना फक्त टीव्हीची हवी होती. त्यांची मुलगी नेहा पुण्याला असते. तिच्या नावाच्या प्रोफाइलवर तोच भाग शुक्रवारी तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेला होता. यंत्र, ‘मालतीचा फोन’.

मी काकूंची वही पुन्हा उघडली. पहिल्या सीझनच्या पहिल्या भागात त्यांनी लिहिलेले खुन्याचे नाव चुकले होते. त्यानंतर सलग तेवीस बरोबर. दर भागात सरासरी सहा संशयित असतात. विसाव्या मिनिटाला सलग तेवीस वेळा योग्य माणूस निवडण्याची शक्यता दशांशचिन्हानंतर सतरा शून्ये लिहून मग सुरू होते. शिवाय तो जबाब होता. निळ्या साडीतली बाई जजची मेहुणी आहे हे ‘अजून कळायचं आहे’, हे पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला कसे कळावे? चौकश्यांमध्ये आयुष्य गेलेल्या अध्यक्षांनी या वाक्याखाली ‘वाचले, बरोबर’ अशी सही केली होती.

रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले. पोहे आले. मी कागद समोर ठेवला. त्यांनी आधी माझा गुणाकार तपासला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “अगं, पहिला भाग खरंच सोबत बघितला होता. यांनी चौदा वेळा विचारलं आणि चार वेळा मला सांगता आलं नाही. इतकं कसंतरी झालं! चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले, उत्तर येत नाही म्हणून कधी उभी राहिले नाही. दुसऱ्या भागापासून घरून तयारी करून जायला लागले.”

“परवा कुठे केलीत?”

“शिंप्याच्या बाकावर. बावन्न मिनिटं. त्याने मधे दोनदा माप विचारलं, मी म्हटलं, थांब रे, गोळी सुटतेय.”

“मग काकांवर एवढा राग का?”

“त्यांनी बघितला तर मी सांगू कोणाला?” पोह्यांवर पुन्हा शेव घालत त्या म्हणाल्या. “आणि सई, हे त्यांना कळता कामा नये.”

खाली बागेत काका फेऱ्या मारत होते. माझी वाटच पाहत असावेत.

“काय म्हणाली?”

“जबाब गोपनीय आहे, काका.”

“तिने स्वतः आधीच बघितलाय, हे सांगितलं का?”

मी चेहरा शक्य तितका वैज्ञानिक ठेवला.

“अगं, सलग तेवीस वेळा! मी तीस वर्षं टेंडरं उघडली आहेत. पाकीट आधी उघडलेलं असलं की मला वासावरून कळतं.”

“कळत होतं, तर मग दर भागात चौदा वेळा ‘हा कोण’ कशाला विचारत होतात?”

“ती एवढी तयारी करून बसते,” काका म्हणाले, “कोणी विचारायला नको?”

आम्ही पुढची फेरी सुरू केली. मग त्यांनी उरलेले सांगितले. गेल्या महिन्यात काकू नेहाला फोनवर म्हणाल्या, यांचे विसरणे वाढले आहे, दर भागात चौदा-चौदा वेळा विचारायचे. सोमवारी अकरा वाजता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काकांनी हे बाल्कनीतून ऐकले (त्यांना ती ‘नेहमीची तपासणी’ म्हणून सांगितली होती) आणि विचारणे बंद करायचे ठरवले. पण न विचारता सगळे समजल्यासारखे दिसायचे, तर आधी समजून घ्यायला हवे. म्हणून शुक्रवारी दुपारी, वही-पेन घेऊन, नावे उतरवत, चार वेळा मागे जात.

“खरं सांगून टाका ना काकूंना. नाटक होतं म्हणून.”

“आणि पुढच्या वेळी मी विचारलं की ती उत्तर देईल? कपाळाला हात लावेल.”

आता वस्तुस्थिती अशी. शुक्रवारी दुपारी तीन ते चार या वेळात पती-पत्नी नऊ किलोमीटर अंतरावर बसून, पाच मिनिटांच्या फरकाने, एकमेकांसाठी एकच भाग पाहत होते. सहदर्शनाची याहून शुद्ध घटना परिसरात नोंदलेली नाही, आणि संहितेनुसार ती दुहेरी गुन्हा ठरते. खरे अहवालात लिहिले तर दोघेही दोषी, सोफा कायमचा रिकामा. न लिहिले तर काका एकटे दोषी, आठ भाग रत्नप्रभामावशींच्या घरी, आणि सोमवारी अकराला डॉक्टर.

मी शंकररावांना सांगितले की तांत्रिक पुरावा निर्णायक नाही. (हे वाक्य विज्ञानात कधीही खोटे ठरत नाही.) त्यांनी शासकीय परंपरेतला तोडगा काढला. सदर भाग ‘न पाहिलेला समजण्यात यावा’ आणि रविवारी संध्याकाळी साडेआठला निरीक्षकासमोर पुन्हा पाहण्यात यावा. निरीक्षक मी. रत्नप्रभामावशींनी मतभिन्नता नोंदवली. त्यांनी आठ भागांसाठी नवीन गादी टाकली होती.

मधल्या वेळात मी दोघांना स्वतंत्रपणे तांत्रिक सल्ला दिला. काकांना म्हटले, शून्य वेळा विचारलेत तर गुन्हेगार, चौदा वेळा विचारलेत तर रुग्ण. पाच ते सात हा पट्टा सुरक्षित आहे. काकूंना म्हटले, तेवीस हा आकडा फार झाला, एकदा चुकायला हरकत नाही.

“मुद्दाम चुकायचं?” त्यांनी असे विचारले, जणू मी त्यांना दरोड्यात भाग घ्यायला सांगत होते.

साडेआठला भाग सुरू झाला. चौथ्या मिनिटाला काकांनी घसा खाकरला. “हा कोण?”

“सरकारी वकील,” काकू म्हणाल्या आणि समासात रेघ ओढली. त्यांचा हात जरा घाईत होता.

काकांनी एकूण सहा वेळा विचारले. तेविसाव्या मिनिटाला गोळी सुटली तेव्हा दोघेही दचकले. काकू आधी, काका त्यांच्याकडे पाहून. विसाव्या मिनिटाला काकूंनी लिहिलेले नाव डॉक्टरच्या कंपाउंडरचे होते. खुनी निघाली जजची मेहुणी.

“अगं, चुकलीस!” काका सोफ्यावरून अर्धे उठले. गेल्या तीन सीझनमध्ये त्यांना एवढे खूश मी पाहिले नव्हते.

“होतं असं. वय झालं आता.”

काका गंभीर झाले. “उद्या अकराला जातोय, तर तुलाही दाखवून घ्यायचं का?”

काकूंनी वही मिटली. “त्यापेक्षा दोघांचंही रद्द करू,” त्या म्हणाल्या, आणि मग मेहुणीच्या आईचे काय चुकले यावर चर्चा सुरू झाली. मी एकोणचाळीस मिनिटांपर्यंत मोजले आणि घरी आले.

हा वृत्तान्त छापण्याआधी मी दोघांना वेगवेगळा दाखवला. काकूंना काकांची फेरी कळली, काकांना काकूंचा बाक. दोघांनीही हरकत नसल्याचे लेखी दिले. दोघांनीही, आपण हा वाचल्याचे दुसऱ्याला कळू देऊ नये, हेही लेखी दिले. मंडळाचा अंक घरी आला की ते तो सोबत, मोठ्याने, पहिल्यांदाच वाचणार आहेत.

आमच्याकडे असले काही चालत नाही, आम्ही एकमेकांशी सरळ वागतो, असे हे वाचताना आपल्याला वाटले असेल. आपले सरळपण मान्य. फक्त एक गोष्ट तपासून पाहावी. आपण घरी एक किस्सा सांगता. कोणता ते आपल्याला माहीत आहे. प्रवासाचा आहे, किंवा ऑफिसातल्या त्या साहेबाचा. गेली कित्येक वर्षे आपण तो सांगता, घरची माणसे ऐकतात, आणि दर वेळी अगदी योग्य जागी हसतात. एवढे अचूक हसू पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येत नाही. त्याला तयारी लागते.